उन्हाळ्यात घराचं काम, लेकरांची सुट्टी आणि दारातलं कुत्रं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आपल्याकडं खेड्यात घराचं काम निघतं ते उन्हाळ्यातच. तूर-हरभरा विकून हाती पैसा आलेला असतो, वावर रिकामं असतं, पावसाची धास्ती नसते. आणि नेमकी तेव्हाच लेकरांची सुट्टी लागते, शहरातली भाचरं येतात, पारा पंचेचाळिशी गाठतो. वर्धा, यवतमाळ, अमरावती, चंद्रपूरकडच्या नात्यागोत्यात दर उन्हाळ्यात जे प्रश्न हमखास निघतात, ते इथं उत्तरांसह दिले आहेत.

काम नेमकं कधी काढावं?

होळी झाली की. मार्चच्या शेवटी सुरू केलेलं काम मेच्या मध्यापर्यंत उरकतं. लग्नसराईत मिस्त्री मिळत नाही, मिळाला तर मजूर मिळत नाहीत, म्हणून अक्षय तृतीयेच्या आसपासचे दिवस धरूच नका. २५ मेला रोहिणी नक्षत्र लागलं की नवतपा सुरू होतो. त्या नऊ दिवसांत भर दुपारी कोणाकडून काम करून घेणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता, तोही याच सुमारास. छपराचं काम मात्र मृगाच्या आत, म्हणजे ७ जूनच्या आत संपलंच पाहिजे. विदर्भात मान्सून साधारण जूनच्या मध्यावर येतो, पण त्याआधीचा वादळी पाऊस कोणाची वाट पाहत नाही.

कामाची वेळ सकाळी सहा ते साडेदहा आणि दुपारी साडेचारनंतर. मजुरी पूर्ण दिवसाचीच द्यायची, हे आधी बोलून घ्या. नाहीतर मजूर दुपारचंही काम ओढतात आणि आपण बघत राहतो.

सगळं घर एकदम काढावं की खोलीखोलीनं?

खोलीखोलीनं. आणि त्यातही एक खोली शेवटपर्यंत हलवू नका. मिस्त्री म्हणतील, "भाऊ, एकदम काढा, स्वस्त पडते." थोडं स्वस्त पडतही असेल. पण घरात लेकरं आणि जनावरं असतील तर ती बचत महागात पडते.

कारण साधं आहे. उन्हाळ्यातले बरेचसे अपघात उन्हानं होत नाहीत, वस्तूंच्या जागा बदलल्यामुळे होतात. फळीवर वर ठेवलेली फवारणीच्या औषधाची बाटली खाली येते. कूलरची वायर खिडकीऐवजी दारातून ओढली जाते. माजघरातली पेटी ओसरीत येते आणि तिच्यावर चढून लेकरू छपराच्या फाट्याला लोंबकळतं. कुत्र्याची बसायची जागा रेतीच्या ढिगाखाली जाते, मग ते रस्त्यावर फिरतं, चिडतं आणि चावतं. रोजच्या घरात कुठं काय आहे हे दोन वर्षांच्या पोरालाही ठाऊक असतं. काम निघालं की ते मोठ्यांनाही ठाऊक राहत नाही.

म्हणून एक खोली जशी आहे तशीच ठेवायची. तीत माठ, बाज, पाळणा, औषधाचा डबा, कूलर. तिथं रेतीचं घमेलंही शिरता कामा नये. शक्यतो उत्तरेकडची किंवा पूर्वेकडची खोली निवडा. पश्चिमेची भिंत दुपारभर तापते आणि रात्री दहापर्यंत गरम वाफ सोडत राहते.

दुपारी बारा ते चार लेकरांना आवरायचं कसं?

पूर्णपणे आवरता येत नाही, हे आधी मान्य करावं. दुपारी सगळे मोठे झोपतात आणि पोट्टे हळूच सटकतात, हा या भागातला जुना शिरस्ता आहे. त्यांना काम द्या. चिंचा फोडणे, आंब्याच्या कोयी मोजून आळ्यात लावणे, वाळवणावर राखण करणे. पत्ते, सागरगोटे, अष्टाचंग. मोबाइल दिला तर शांतता मिळते, पण तास संपला की दुप्पट भांडणं होतात.

दुपारी खाण्यात टरबूज, डांगर (खरबूज), ताक, कैरीचं पन्हं, सातूचं पीठ. बर्फाचे गोळे विकणारा रस्त्यावर घंटी वाजवत आला तर बर्फ कोणत्या पाण्याचा हे विचारा. जुलाबाची लागण उन्हाळ्यात बऱ्याचदा तिथूनच होते.

चार महिन्यांचं बाळ आहे. एवढ्या उन्हात त्याला पाणी पाजायचं की नाही?

नाही. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध. घरातल्या आजी म्हणतील, "घसा सुकते लेकराचा." दुधातच पुरेसं पाणी असतं, बाळाला जास्त वेळा पाजावं आणि आईनं स्वतः भरपूर पाणी, ताक प्यावं. साखरपाणी, मधाचं बोट, गुटी यातलं काहीही नको.

ऊन लागलं हे ओळखायचं कसं? ओआरएस घरी करता येतं का?

लेकरू मलूल होतं, तोंड कोरडं पडतं, रडताना डोळ्यांत पाणी येत नाही, सहा-सहा तास लघवी होत नाही. तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते. ही पाणी कमी झाल्याची लक्षणं. या पायरीवर ओआरएसनं काम भागतं, थोडं थोडं, चमच्या-चमच्यानं.

घरी करायचं तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. जास्त मीठ घातलं तर उलट नुकसान होतं, म्हणून चमचा सपाट करूनच मोजा. २४ तासांत संपवा, उरलं तर फेकून द्या. आशाताईंकडं पुड्या मोफत मिळतात, त्या चार-पाच आणून उतरंडीवर ठेवून द्या. किराणा दुकानातल्या गोड फळांच्या रसाच्या खोक्यांवर ओआरएस लिहिलेलं असायचं. २०२५ मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं त्या नावाला मनाई केली. अशी पेयं जुलाबात देऊ नका, त्यांत साखर फार असते.

अंग चटका बसावा इतकं तापलंय, लेकरू असंबद्ध बोलतंय, झटके येताहेत किंवा शुद्ध हरपतेय, तर हा उष्माघात. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत सावलीत नेऊन कपडे सैल करा, अंगभर साधं पाणी मारा, वारा घाला. बेशुद्ध माणसाच्या तोंडात पाणी घालू नका, ते फुफ्फुसात जातं. तापाची गोळी या तापाला लागू पडत नाही.

खिशात कांदा ठेवला तर ऊन लागत नाही म्हणतात?

ठेवा. नुकसान काही नाही. डोक्याला दुपट्टा बांधा आणि पाण्याची बाटलीही घ्या.

कूलर लावताना काय बघायचं?

या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात लांब आहे, कारण विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरचा शॉक लागून माणसं दगावल्याच्या बातम्या येतात. त्यात लेकरं असतात, अंगणातल्या गाई-कुत्र्यांचेही जीव जातात.

आपला कूलर पत्र्याचा. त्याच्या टाकीत पाणी, पाण्यात मोटर. मोटरच्या वायरचं आवरण उन्हानं तडकलं की सगळ्या पत्र्यात करंट उतरतो. वायरमनकडून आर्थिंग तपासून घ्या; अनेक घरांत तीन पिनांचं सॉकेट असतं पण तिसऱ्या भोकाला तारच जोडलेली नसते. मीटरशेजारी ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी बसवा. एका कूलरपेक्षा स्वस्त पडतं आणि करंट गळू लागला की क्षणात लाइन तोडतं. घराचं काम निघालंच आहे, भिंती फोडल्याच आहेत, तर हे आत्ताच होऊन जाऊ द्या. टाइल्सच्या आधी आर्थिंग, हा क्रम आपल्याकडं उलटा असतो.

पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण चुकून न्यूट्रलवर जोडलेलं असलं तर बंद कूलरमध्येही करंट असतो. पिन काढायची, मगच पाणी. आणि हे काम लेकरांना सांगायचं नाही. "जा रे, कूलरात पाणी टाक" हे वाक्यच घरातून बंद व्हायला हवं.

कूलरच्या खाली पाणी ठिबकतं तिथं गारवा असतो. कुत्रं तिथंच येऊन बसतं, मांजर ते पाणी चाटतं, रांगतं बाळ तिथंच थपथप करतं. तो कोपरा जाळी लावून बंद करा. मिस्त्रीच्या ग्राइंडरची वायर त्या ओल्यातून जाणार नाही हेही बघा.

बाकी दोन गोष्टी. काम चालू असताना धुळीनं वाळ्याचे किंवा गवताचे तट्टे बुजतात, तेव्हा रोज संध्याकाळी झटका. आणि आठवड्यातून एकदा टाकी पूर्ण रिकामी करून, घासून, वाळवा. डेंग्यूचा डास अशाच साठवणीच्या पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. कूलर लावलेल्या खोलीची समोरची खिडकी उघडी ठेवा. बंद खोलीत कूलर नुसता चिकचिक करतो.

कवेलू (कौलं) फेरायचे आहेत. लेकरांना मदतीला घ्यावं का?

कवेलू एकाच्या हातून दुसऱ्याच्या हाती देण्यात फार गंमत आहे, सगळ्या पोरांना ती हवी असते. पण वर्षभर न हललेल्या कवेलूखाली विंचू, गोम, क्वचित साप असतो. बारा वर्षांच्या आतल्यांना या कामात घेऊ नका. उतरवलेल्या कवेलूंचा ढीग घराच्या भिंतीला लावून रचू नका. रात्री विंचू त्यातून निघतो आणि सरळ घरात येतो. चपला, खेळणी, सुकत घातलेले लंगोट झटकूनच घ्यायचे.

लेकराला विंचू चावला तर कळ कमी व्हायची वाट बघत बसू नका. दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंड पडणं ही हृदयावर ताण आल्याची लक्षणं. लहान मुलांना धोका जास्त. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर गुणकारी असल्याचं दाखवून दिलं, त्यामुळं आता त्यावर उपचार आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. दोरी बांधणं, चिरा देणं, मंत्र टाकणं यात वेळ जातो.

कवेलू काढून टिन टाकावं का? वानरं फार झाली आहेत.

वानरांमुळेच निम्म्या गावानं टिन टाकलं, हे खरं आहे. तेही काही चुकले नाहीत. रोज पाच कवेलू फुटणार तर माणूस काय करेल? पण टिनाच्या खोलीत मे महिन्यात दुपारी बाळ झोपवता येत नाही. टाकायचंच तर छपराची उंची वाढवा, आड्याजवळ हवा निघायला फट ठेवा, खालून बांबूच्या तट्ट्यांचं आणि मातीच्या लिंपणाचं सिलिंग करा, वरून पांढरा रंग द्या. टिनावर पऱ्हाट्या (कपाशीच्या काड्या) किंवा कुटार (भुसा) पसरायचा मोह टाळा, त्यावरून विजेची तार जात असते आणि मेमध्ये एक ठिणगी पुरते.

सिमेंटचे जुने पत्रे काढत असाल तर ते आपटून फोडू नका, कोरडे कापू नका. त्यांत बऱ्याचदा अ‍ॅस्बेस्टॉस असतं आणि त्याची धूळ फुफ्फुसात बसते. पाणी मारून अख्खेच उतरवा, लेकरांना त्या दिवशी मोठ्या मायकडं पाठवा.

सेवाग्रामची बापू कुटी एकदा दुपारी बाराला जाऊन बघा. माती, बांबू, कवेलू. पंखा नसतानाही आत बसवतं.

मातीच्या भिंतींना सिमेंटची छपाई करायची का?

करू नका, असं स्पष्ट मत आहे. मातीची भिंत ओल घेते आणि सोडते. वरून सिमेंट थापलं की ओल आतच राहते, दोन-तीन पावसाळ्यांत छपाई पापुद्र्यासारखी सुटते, आणि मागे उधई (वाळवी) लागते. माती-कुटाराचं लिंपण किंवा चुन्याची छपाई हेच या भिंतीचं कातडं. पोपडे पडणं, ते खाणारं लेकरू, हा त्रासही वाचतो.

स्लॅबला पाणी किती दिवस मारायचं? आणि पाणी आणायचं कुठून?

गरम-कोरड्या हवेत साध्या सिमेंटला किमान १० दिवस, आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस. भारतीय मानक ४५६ तेच सांगतं. आजकाल दुकानात मिळतं ते बहुतेक राखेचंच असतं, पोत्यावर पीपीसी लिहिलेलं बघा. स्लॅब पहाटे टाका. नंतर वाफे करून पाणी भरा किंवा ओली पोती अंथरा. नळीनं दिवसातून दोनदा शिंपडणं म्हणजे पाणीही गेलं आणि स्लॅबही. टँकर लागणार असेल तर तो खर्च आधीच धरा. गावाला प्यायला पाणी नसताना विहिरीला मोटर लावून स्लॅब भिजवणं बरं दिसत नाही, आणि भांडणंही होतात.

दुसरी बाजू महत्त्वाची. बांधकामाचं पाणी साठवायला हौद किंवा प्लास्टिकचा ड्रम भरलेला असतो, शोषखड्डा खणून ठेवलेला असतो. दीड-दोन वर्षांचं लेकरू वीतभर पाण्यातही बुडतं, आणि आवाज न होता बुडतं. हौदावर लाकडी फळ्या आणि वर दगड. खड्ड्याभोवती तुराट्यांचं कुंपण. बादल्या रात्री पालथ्या.

चुना आणि रंग देताना लेकरांना घरात ठेवलं तर चालतं?

चुना विझवताना नाही. कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की तो उकळतो, उडतो. डोळ्यात गेला तर नजर जाऊ शकते. लगेच वाहत्या पाण्याखाली पंधरा-वीस मिनिटं डोळा धुवा आणि दवाखान्यात न्या. ओलं सिमेंटही कातडी भाजतं. कालवलेल्या मालातून चालत गेलेल्या कुत्र्याचे पंजे धुऊन टाका, नाहीतर ते चाटतं.

जुन्या दारं-खिडक्यांचा ऑइलपेंट कोरडा खरवडू नका. घरगुती रंगात शिसं ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) आत असावं हा नियम आपल्याकडं नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगांत शिसं बरंच असू शकतं. ते मुलांच्या मेंदूला घातक. पाणी लावून घासा, पडलेले कपचे गोळा करून टाका.

फवारणीची औषधं घरातच असतात. काम चालू असताना कुठं ठेवायची?

घरात नाही. यवतमाळ जिल्ह्यात २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-मजूर दगावले, ते वावरात. घरातल्या बाटलीचा धोका वेगळा. काम निघालं की ती बाटली, उंदराची पेस्ट, उधईचं औषध आणि रॉकेलचा डबा हे सगळं एकाच पोत्यात भरून ओसरीच्या कोपऱ्यात ठेवतात, आणि पोतं मुलांच्या उंचीवर येतं. कुलूप लागणारी पत्र्याची पेटी घ्या, वावरातल्या खोपडीत ठेवा. थंड पेयाच्या बाटलीत औषध ओतून ठेवणं तर कधीच नाही. पिवळ्या फॉस्फरसच्या उंदराच्या पेस्टवर उतारा नाही. लेकरानं थोडी चाटली आणि हसत-खेळत असलं तरी त्याच तासाला मोठ्या दवाखान्यात न्या, यकृत नंतर निकामी होतं.

कुत्रं दिवसभर धापतंय. दवाखान्यात न्यावं का?

धापणं म्हणजे कुत्र्याचा घाम. सावलीत तासाभरानंही धाप कमी होत नसेल, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसल्या, चालताना तोल जाऊ लागला तर मात्र उष्माघात समजा. साधं पाणी अंगावर, पोटाखाली, पंजांवर मारा, वारा घाला. बर्फ नको. मग डॉक्टर.

त्याला खरं हवं असतं ते रांजणाखालचं ओलं मातीचं अंगण. म्हणून एक विनंती: सगळ्या अंगणात गट्टू (पेव्हर ब्लॉक) बसवू नका. निंबाखालचा कोपरा मातीचा राहू द्या. गट्टू आणि सिमेंट दुपारी एवढं तापतं की हाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवत नाही. त्यावर त्याचे पंजे भाजतात आणि अनवाणी लेकरांचेही पाय.

छपरात मांजरीची पिल्लं आहेत आणि परवा कवेलू उतरवायचे आहेत.

तो भाग शेवटी घ्या. नाहीच जमलं तर शेजारच्याच कोपऱ्यात टोपलीत जुनं लुगडं घालून पिल्लं ठेवा; मांजर शोधत येते आणि स्वतःच दुसरीकडं नेते.

घरातल्याच कुत्र्यानं पोराला ओरबाडलं. इंजेक्शन घ्यायचं का?

हो. आधी साबण आणि वाहत्या पाण्यानं पंधरा मिनिटं धुवा. हळद, तिखट, तेल, चुना काही लावू नका. प्राथमिक आरोग्य केंद्रात रेबीजची लस मोफत असते. त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. रक्त निघालं असेल तर जखमेत सीरमही (रेबीजविरुद्ध तयार प्रतिपिंडांचं औषध) द्यावं लागतं, ते तालुक्याला किंवा जिल्ह्याला. शेवटचं इंजेक्शन सुट्टी संपल्यावर येतं आणि तेच राहून जातं, म्हणून कॅलेंडरवर लिहा.

कोठ्याचं काम करायचं आहे, ढोरं कुठं बांधायची?

झाडाखाली, पण कुटाराच्या ढिगापासून दूर. दिवसातून चारदा पाणी. रिकाम्या कोठ्याच्या भिंतींच्या फटी बुजवून चुना मारा, गोचीड तिथंच लपतात आणि मग कुत्र्यावर जातात. पावसाळ्याआधी घटसर्प आणि फऱ्याची लस टोचून घ्या. ढोर आजारी पडलं तर १९६२ वर फोन करता येतो.

रात्री अंगणात झोपावं का?

झोपावं, तोच तर उन्हाळा. पण बाजेवर, मच्छरदाणी खोचून. मण्यार रात्री फिरतो, जमिनीवर झोपलेल्याला चावतो आणि बऱ्याचदा चावल्याचं दुखतही नाही. पहाटे लेकराच्या पापण्या जड होताहेत, पोटात दुखतंय, गिळता येत नाही असं दिसलं तर सापाची शंका घ्या आणि थेट दवाखाना. रेती-विटांच्या ढिगाजवळ बाज टाकू नका.

कुरडया-सरोळ्या यंदा घालायच्या की नाही?

शेजारणीच्या धाब्यावर (गच्चीवर) घाला. आपल्या अंगणातली सिमेंटची धूळ त्यात बसते.

मजूर बाया लेकरं सोबत आणतात. त्यांचं काय?

तीही त्याच हलवायची नाही म्हटलेल्या खोलीत बसतील. आपल्या पोरांसोबत. वाळूच्या ढिगावर, उन्हात झोळी बांधून कोणाचं तान्हं लेकरू झोपलेलं असणं चालवून घेऊ नका. झोळी ओसरीत बांधू द्या, माठाचं पाणी द्या. त्या बाईला दर दोन तासांनी दूध पाजायला सुट्टी मिळाली पाहिजे, हे मिस्त्रीला पहिल्या दिवशीच सांगा.

मृग आला आणि काम राहिलंच, तर?

छप्पर आणि दारं पुरी करा, बाकी थांबवा. आतली छपाई, टाइल्स, रंग हे दिवाळीच्या आधी होतं. ओल्या भिंतीला दिलेला रंग तसाही सुटतो. उरलेलं सिमेंट फळ्यांवर, भिंतीपासून हातभर दूर रचा. शाळा आपल्याकडं उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडते, तेवढ्या दिवसांत अंगणातले खिळे, तारांचे तुकडे, फुटके कवेलू पोरांना घमेलं देऊन वेचायला लावा, पायात बूट घालूनच. उरलेली रेती झाकून ठेवा, नाहीतर गावातली मांजरं तिचा संडास करतात.